दाता क्रमांक अकरा

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहा वाजता माझ्या डाव्या हातातून वीस मिलिलिटर रक्त काढण्यात आलं. त्या रक्तात मलेरियाचे परजीवी वाढवायला ठेवले गेले. पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत ते मेले होते. ते माझ्या बायकोचे होते. त्यांच्यामागे तिचं सात महिन्यांचं काम होतं.

माझी बायको मलेरियावर संशोधन करते. आम्ही दोघं नागपूरचे. तिच्या नोकरीमुळे लखनौला आलो, त्याला आता सोळा वर्षं झाली. मी इथल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत डेस्कवर होतो. ती कचेरी बंद झाली. आता महानगर या वस्तीतल्या घरी बसून एका संकेतस्थळासाठी बातम्या तपासतो आणि सकाळी तिला गाडीने प्रयोगशाळेत सोडतो.

मलेरियाचा परजीवी माणसाच्या लाल पेशींत राहतो. प्रयोगशाळेत तो वाढवायचा तर त्याला माणसाचं रक्तच द्यावं लागतं. दोन दिवसांत तो एक पेशी खाऊन संपवतो, फोडून बाहेर पडतो आणि पुढच्या पेशींत शिरतो. त्याच्या बाटलीतलं पाणी रोज बदलावं लागतं. रविवारीही, दिवाळीलाही. बायको त्यांना लेकरं म्हणते. रविवारी सकाळी आठ वाजता ती पर्स उचलते आणि म्हणते, "लेकरांना जेवू घालून येते."

तिचं काम नवीन औषध शोधण्याच्या एक पायरी आधीचं आहे. जुन्या औषधांना परजीवी दाद देईनासा झाला, त्यानंतर आलेल्या औषधांनाही काही देशांत तो सरावतो आहे. म्हणून त्याच्या शरीरातलं असं एखादं प्रथिन शोधायचं, जे त्याला जगायला लागतं आणि आपल्यात नाही. ते सापडलं तर त्यावर औषध बनवता येईल. तिला असं एक प्रथिन सापडलं होतं. तिने परजीवीत असा बदल केला होता की एक रसायन टाकलं की त्याचं ते प्रथिन बनणं बंद व्हावं. प्रथिन बंद केल्यावर परजीवी मेला आणि शेजारच्या बाटलीतला बदल न केलेला जगला, तर मुद्दा सिद्ध. हे तीन वेळा दाखवायचं होतं, त्यात एकदा वेगळ्या माणसाच्या रक्तात. एप्रिलच्या शेवटी प्रकल्पाचा आढावा होता, आणि प्रमुख संशोधक तीच होती. दोन वेळा दाखवून झालं होतं. तिसरी वेळ राहिली होती.

पहिल्या दोन्ही वेळा रक्त दाता क्रमांक सातचं होतं.

प्रयोगशाळेत रक्तदात्यांची नावं लिहीत नाहीत, क्रमांक लिहितात. सात हा तिचा सहकारी. वय अडतीस, लखनौजवळच्या मलिहाबादचा. घरच्या आंब्याच्या बागा आहेत. तिच्याच खोलीत शेजारच्या टेबलावर काम करतो. मला तो भाईसाहब म्हणतो. गेल्या जूनमध्ये दशहरीची पेटी घेऊन तो घरी आला होता. प्रत्येक आंबा दाबून न बघता नुसता देठ हुंगून त्याने तीन रांगा लावल्या. "भाईसाहब, ये आज, ये परसों, और ये इतवार को." तो गेल्यावर मी मुद्दाम रविवारच्या रांगेतला एक कापला. कच्चा निघाला.

दात्यादात्याच्या रक्तात फरक असतो हे मला बायकोकडून कळलं. कुणाच्या रक्तात परजीवी रेंगाळतात, कुणाच्या रक्तात भराभर वाढतात. सातच्या रक्तात ते सर्वांत चांगले वाढत. जेवताना ती हे सांगायची.

"आज सातचं ताजं रक्त मिळालं. बघत राहावं अशी वाढतात लेकरं."

"मग लेकरांचा बाप तोच म्हण ना," मी एकदा म्हणालो.

ती हसली. "बाप कशाचा? वावर आहे ते. पेरणारी मी."

त्या दिवसापासून मी नोंदी ठेवू लागलो. डेस्कवरची सवय होती, वही होतीच. रविवार, निघाली ८.१०, परत १.४०. रविवार, निघाली ८.०५, परत २.१५, उशिराचं कारण: सेंट्रिफ्यूज बिघडलं. जेवताना सातचा उल्लेख, दोनदा. जेवताना सातचा उल्लेख, चारदा. या नोंदींतून काहीच निष्पन्न होत नव्हतं. नोंदी मी तरी चालू ठेवल्या. हिवाळ्यात पानं भरली तेव्हा नवी वही आणली.

त्याच हिवाळ्यात माझी बोटं सकाळी आखडू लागली. अर्धा तास टाइप करता येत नसे. इथल्याच कपूरथला चौकाच्या बाजूला एका डॉक्टरकडे गेलो. सांध्यांचा आजार सुरू होतोय, लवकर आलात, असं तो म्हणाला आणि रोज एक गोळी लिहून दिली. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. नाव मला नवीन नव्हतं. करोनाच्या साथीच्या वर्षात या गोळीच्या टंचाईच्या बातम्या मीच तपासल्या होत्या. ती मुळात मलेरियावरची गोळी, हे वाक्य तेव्हा मी किती बातम्यांत जसंच्या तसं ठेवलं होतं, त्याची मोजदाद नाही. गोळ्यांची पाकिटं मी जुन्या प्रेस कार्डांच्या खणात ठेवली. बायकोला सांगितलं नाही. मी एकावन्न वर्षांचा होतो. तिच्या टेबलाशेजारी अडतीस वर्षांचा माणूस तीन मजले जिने धावत चढत होता.

मार्चच्या पहिल्या रविवारी ती प्रयोगशाळेतून परत आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "सात बाद."

दाढ काढल्यामुळे त्याला अँटिबायोटिक सुरू झालं होतं. विचारण्याआधीच त्याने स्वतः येऊन सांगितलं होतं, "मैडम, इक्कीस दिन मुझे आउट समझिए." तसंही तिसऱ्या वेळेला दुसरा दाता हवाच होता. यादीतले दोघं गावी गेले होते, एकीला कावीळ झाली होती. सातचं आधीचं रक्त फ्रिजमध्ये होतं, पण जुनं होत चाललं होतं. ते संपलं की सगळ्याच बाटल्यांना नवीन रक्त लागणार होतं.

"माझं घे," मी म्हणालो.

"तुमचं?"

"ओ पॉझिटिव्ह आहे. लायसन्सवर लिहिलंय."

"सुई बघून चक्कर येते तुम्हाला."

"येत नाही."

"हो काय? मग लेक झाली तेव्हा दवाखान्यात कोण पडलं होतं? नर्स मला सोडून तुमच्याकडे धावली होती बाप्पा."

"तेव्हा जेवलो नव्हतो."

तिने चपला कोपऱ्यात सारल्या. "खरंच द्याल?"

त्याच दिवसापासून मी गोळी बंद केली. रक्त देईपर्यंत आठ दिवस झाले. ती शरीरातून निघून जायला किती दिवस लागतात हे मी शोधलं नाही. कुणा वार्ताहराने अशी बातमी आणली असती तर मी त्याला परत पाठवलं असतं.

रक्त देण्याआधी अर्ज भरायचा होता. त्यात पाच प्रश्न होते. चौथा प्रश्न, गेल्या तीन महिन्यांत कोणती औषधं घेतलीत? मी वाचला. त्यापुढे 'एकही नाही' लिहिलं. मी विसरलो नव्हतो.

नर्सने रक्त काढलं. चक्कर आली नाही. बायकोने नळीवर काळ्या पेनने ११ लिहिलं. सात तिथेच उभा होता, गाल सुजलेला.

"मैडम, चार दिन ट्रायल पे रखें?"

नियम असा होता की नव्या दात्याचं रक्त आधी चार दिवस एका छोट्या बाटलीत तपासायचं. परजीवी नीट वाढले तरच ते बाकीच्या बाटल्यांना द्यायचं. दाता अनोळखी असला, त्याच्या रक्तात काय आहे ठाऊक नसलं, तर नुकसान एका बाटलीपुरतं राहावं म्हणून हा नियम.

"घर का खून है, भैया," ती म्हणाली. "इसका क्या ट्रायल? चार दिन हैं कहाँ अपने पास?"

मी दारात होतो. मी हे ऐकलं. हाताला लावलेला कापूस दाबून धरला आणि बाहेर गाडीकडे गेलो.

मंगळवारी जेवताना ती म्हणाली, "आज सगळी लेकरं अकरामध्ये टाकली." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. त्या दिवशी सातचा उल्लेख शून्य होता. बुधवारीही शून्य.

गुरुवारी होळीचा रंग होता. रस्ते रिकामे, चौकाचौकात हिरवी-गुलाबी डबकी. काचा बंद करून मी तिला सोडायला गेलो आणि खाली थांबलो. ती तासाभराने आली.

"थोडी सुस्त आहेत," गाडीत बसत ती म्हणाली. "सातमध्ये अशी नव्हती."

"तो तरुण आहे."

"त्याचं काय?"

"रक्त तरुण असणार."

"रक्ताला कुठं वय असतं हो? लाल पेशी चार महिन्यांवर जगत नाही. तुमच्या पेशी अन् त्याच्या पेशी, सगळ्या सारख्याच वयाच्या."

मी गाडी सुरू केली.

शनिवारी जेवताना लेकरांचा उल्लेख शून्य होता. रविवारी आठ वाजता गेली, चार वाजता आली. सोमवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी माझा फोन वाजला. सात होता. इतक्या वर्षांत त्याने मला थेट फोन केला नव्हता.

"भाईसाहब, एक बात पूछूँ? बुरा मत मानिएगा."

"पूछिए."

"आप कोई दवा खाते हैं? जोड़ों-वोड़ों की?"

"नहीं."

"अच्छा." मागे कुठलंतरी यंत्र घुमत होतं. "हमारी अम्मी खाती हैं, घुटनों के लिए. इसलिए ख़याल आया. मैडम अभी स्लाइड देख रही हैं. मैंने उनसे कुछ कहा नहीं है. शाम को आप ही बात कर लीजिएगा."

फोन ठेवल्यावर मी वही काढली. वेळ लिहिली आणि पुढे काही लिहिलं नाही. वीस मिलिलिटर रक्तावरून या माणसाने माझा खण उघडला होता आणि मला सभ्यपणे तीन तास दिले होते. सहा वाजता तिला आणायला गेलो. ते तीन तास मी वापरले नाहीत.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली. डब्याची पिशवी मांडीवर तशीच.

"गोळी कुठाय?"

"त्याने सांगितलं?"

"कोणी? मला कोणी काही नाही सांगितलं. बाटल्यांनी सांगितलं."

मग तिने समजावलं. आवाज न चढवता, विद्यार्थ्याला समजावतात तसं. प्रथिन बंद केलेले मेले, ते ठीक. बदल न केलेलेही मेले, त्यांनी मरायला नको होतं. पण तिच्याकडे एक वेगळी बाटली होती, जुन्या औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींची. त्यांनाही माझंच रक्त दिलं होतं. ते मजेत वाढत होते. म्हणजे रक्तात असं काहीतरी होतं जे साध्या परजीवीला मारतं आणि या परजीवीला मारू शकत नाही. असं करणारा औषधांचा एकच गट तिला माहीत होता, माझ्या गोळीचा. सकाळ-संध्याकाळ ती त्यावरच बोलते.

मी खणातून पाकीट आणून दिलं. तिने ते उलटंसुलटं करून वाचलं.

"आठ दिवस बंद होती," मी म्हणालो.

"आठ दिवस! महिन्यात निम्मी उतरत नाही ती. पेशीत घुसून बसते. मला विचारायचं होतं नं."

"विचारलं असतं तर रक्त घेतलं नसतंस."

"नसतंच घेतलं." तिने पाकीट टेबलावर ठेवलं. "मग काहून दिलं?"

"तू रोज त्याचं नाव घेतेस."

"नाव? मी कधी नाव घेतलं त्याचं? नंबर सांगते मी. नळीवरचा."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. तिने पिशवी खाली ठेवली.

"कोणती बोटं?"

मी उजवा हात पुढे केला. तिने मधल्या दोन बोटांचे सांधे एकेक करून दाबले, माझ्या चेहऱ्याकडे बघत. मग हात सोडला आणि पोळ्या लाटायला गेली. दुसऱ्या दिवसापासून गाडी ती स्वतः चालवत गेली. माझी गोळी मात्र ताटाशेजारी काढून ठेवलेली असायची.

गोठवून ठेवलेल्या नळ्या होत्या. त्यांतले परजीवी पुन्हा उठवायला दोन-अडीच आठवडे लागतात. तोवर सातचे एकवीस दिवस संपून त्याचं रक्त वापरता आलं असतं, पण तिसरी वेळ दुसऱ्याच्या रक्तात दाखवायची होती. आढाव्याला पाच आठवडे होते. एप्रिलच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी तिने गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

"मलिहाबादला जाऊन या. सातच्या बायकोला आणायचंय. रक्त देणार आहे ती. सात आज सुट्टीवर नाही आणि तिला बसने यायला लावणार नाही मी."

मी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, झाडांवर बोटाएवढ्या कैऱ्या. ती शाळेत शिकवते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून फाटकापाशी उभी होती. मागच्या सीटवर बसली. काकोरी गाव लागलं तशी ती पुढे झुकली.

"तो आप ग्यारह हैं," ती म्हणाली.

"जी."

"मैं बारह." आरशात मला ती दुपट्टा सारखा करताना दिसली. "हमारे घर में खाने पर बस आपकी मैडम का ज़िक्र चलता है. मैडम ने ये कहा, मैडम ने वो किया. नमक कम है, ये किसी को पता नहीं चलता. मैंने सोचा, ख़ून देने के बहाने देख तो आऊँ."

"देखकर क्या करेंगी?"

"आपने क्या किया देखकर?"

मी गिअर बदलला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. प्रयोगशाळेच्या फाटकावर मी गाडी थांबवली तेव्हा बायको आणि सात दोघंही खाली आले होते. सातची बायको उतरली आणि तिने आधी माझ्या बायकोकडे, मग तिच्या चपलांकडे बघितलं. माझी बायको तिला म्हणाली, "आइए, पहले चाय. ख़ाली पेट सुई नहीं."

तिने अर्ज भरला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या दवाखान्यातल्या बाकावर होतो. चौथ्या प्रश्नापुढे तिने सहा ओळी लिहिल्या. लोहाच्या गोळ्या, डोकेदुखीवरची अर्धी गोळी आणि तारीख, सासूबाईंनी दिलेला काढा आणि त्यात काय काय होतं. कागद संपला म्हणून मागच्या बाजूला गेली. माझी बायको शेजारी उभी राहून वाचत होती. या वेळी चार दिवसांची तपासणी झाली.

आढाव्याच्या आधी अहवाल छापायला द्यायचा होता. तिचे अहवाल नेहमी मीच तपासतो, इंग्रजी असले तरी. त्याही वेळी तिने कागद माझ्या टेबलावर ठेवले आणि गेली. मी सात ठिकाणी स्वल्पविराम बदलले, एका तक्त्यातला चुकलेला पानक्रमांक दुरुस्त केला.

तिसरी वेळ पूर्ण झाली होती. बदल न केलेले परजीवी दहाव्या दिवशी जिवंत होते. प्रथिन बंद केलेले चौथ्या दिवशी मेले होते. दात्यांच्या रकान्यात लिहिलं होतं: सात, सात, बारा. तक्त्याखाली बारीक अक्षरात एक टीप होती. दाता अकरा, औषध चालू असल्याने वगळला. पूर्वतपासणी न केल्याची चूक प्रमुख संशोधकाची.

ती टीप मी दोनदा वाचली. तपासलेले कागद मी तिच्या टेबलावर परत ठेवले. प्रकल्पाला मेमध्ये मुदतवाढ मिळाली.